रानफुलांचा फोटो मास्कवर कसा आला

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानांत रानफुलांच्या फोटोंचे कापडी मास्क विकायला आले. साथीच्या दिवसांतली ती निव्वळ हौस होती, असं मला वाटत नाही. डॉक्टरांचा मास्क, कापडावरची फुलं आणि फोटोग्राफी या तिन्हींची वाटचाल वेगवेगळी. त्या कापडाच्या तुकड्यावर त्यांची गाठ पडली ती पॉलिएस्टरमुळे.

मास्कची वाट शस्त्रक्रियेच्या टेबलापासून निघते. १८९७ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊचे योहान मिकुलिच आणि पॅरिसचे पॉल बर्जर हे सर्जन तोंडावर गॉज, म्हणजे पातळ जाळीदार कापड, बांधू लागले. रुग्णालयाबाहेर मास्क ठामपणे नेला तो डॉ. वू लिएन-ते यांनी. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचं. १९१० च्या डिसेंबरात ईशान्य चीनमधल्या मांचुरियातल्या हार्बिनला पोचल्यावर त्यांनी ओळखलं की हा फुफ्फुसाचा प्लेग आहे आणि तो श्वासावाटे पसरतो. गॉज आणि कापसाचा मास्क लावा, असा त्यांचा आग्रह होता. जेराल्ड मेनी या फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी मास्कविना रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने गेले. त्या साथीत सुमारे ६०,००० माणसं दगावली. पुढे १९१८ च्या फ्लूमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मास्कसक्ती झाली, तेव्हाही मास्क गॉजचाच होता.

कापडावरच्या फुलांचा इतिहास मात्र आपल्याकडचा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. सतराव्या शतकात भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरचं छीट, म्हणजे फुलाफुलांचं रंगीत सुती कापड, युरोपात गेलं. तुरटीसारख्या क्षारांनी रंग पक्का करायची आपल्या कारागिरांची हातोटी अशी, की कितीही धुतलं तरी फुलं ताजी राहायची. युरोपातल्या विणकरांचा धंदा बुडू लागला, म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली. ब्रिटननेही १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरायला मनाई केली.

फोटोग्राफीचं फुलांशी नातं तर पहिल्यापासूनचं. २५ जानेवारी १८३९ रोजी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपल्या प्रकाशचित्रांचे नमुने मांडले. त्यांत फुलं होती, पानं होती आणि लेसचा एक तुकडाही होता.

तरीही फोटो त्याच्या सगळ्या छटांसह कापडावर स्वस्तात उतरायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये सब्लिमेशन छपाई विकसित झाली. कागदावर छापलेला रंग साधारण २०० अंश सेल्सियसला वायुरूप होतो आणि धाग्यात शिरून बसतो. पण तो धागा पॉलिएस्टरचा लागतो. सुतावर हा रंग टिकत नाही. म्हणूनच अशा मास्कचं बाहेरचं अस्तर बहुधा पॉलिएस्टरचं आणि आतलं सुती असे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला तीन थरांचा कापडी मास्क सुचवला, तोही आत घाम शोषणारं सूत आणि बाहेर पॉलिएस्टरसारखं पाणी न शोषणारं कापड, असाच.

विक्रीची व्यवस्थाही साथीआधीच उभी होती. झॅझल, रेडबबलसारख्या साइटवर छायाचित्रकार फोटो चढवत. ऑर्डर आली की मगच कप किंवा टी-शर्ट छापला जाई. ३ एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सर्वांना कापडी मास्क वापरायला सांगितलं आणि त्या यादीत मास्कची भर पडली. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात त्या एका एप्रिलमध्येच सुमारे १ कोटी २० लाख मास्क विकले गेले.

माझ्या मते या मास्कवर फुलांचा ताटवा जास्त शोभायचा. एकाच फुलाचा जवळून काढलेला फोटो चुण्यांमध्ये मोडतो, नाहीतर नेमका नाकावर ताणला जातो. माळभर पसरलेल्या बारीक फुलांना तो त्रास नाही.

१४ जानेवारी २०२२ ला, ओमायक्रॉनच्या लाटेत, सीडीसीने सैल विणीच्या कापडी मास्कना संरक्षणाच्या क्रमात सर्वांत खाली ठेवलं. आपल्याकडे महाराष्ट्रातली मास्कसक्ती त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, संपली.