लोकलपेक्षा आखूड धावपट्टी

"मामा, ह्याला मागे भोकच नाहीये!"

भाची सी हॉकच्या शेपटाखाली वाकून उभी होती. तिच्या चित्रांच्या पुस्तकातल्या प्रत्येक लढाऊ विमानाला मागे हे एवढं भोक असतं, त्यातून ज्वाळा निघतात. इथे शेपूट सरळ टोकदार संपलेलं.

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. सुट्टीत ठाण्याहून गेलो होतो. बाकीची मंडळी समुद्रावर, आम्ही दोघं भर उन्हात विमानांखाली.

भोक होतं, पण कडेला होतं. सी हॉकचं इंजिन एकच, रोल्स रॉइसचं नीन, पोटात बसवलेलं. त्याचा झोत शेपटापर्यंत नेलाच नाही; मध्येच दोन फाटे फोडून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढला. लांब नळीतून झोत नेला की जोर थोडा वाया जातो, तो वाचला. मागे जी जागा मोकळी झाली तिथे इंधन भरलं. भाचीने दोन्ही बाजूंना फेरी मारून खात्री केली, मग "हां" म्हणाली.

अशा ठिकाणी लोक विमानाच्या नाकाशी उभे राहून फोटो काढतात. माझं म्हणणं, नौदलाचं विमान खालून आणि मागून बघावं. शेपटाखाली लोखंडी आकडा, पंखांत बिजागरी, चाकांच्या वर दांडगे पाय. हवाई दलाच्या जेटला पंख दुमडावे लागत नाहीत. नौदलाच्या जेटला ते सगळं लागतं, कारण त्याची धावपट्टी तरंगते आणि ती फार आखूड असते.

किती आखूड? आपली पहिली विक्रांत, म्हणजे विमानं वाहून नेणारी बोट, १९६१ साली नौदलात आलेली, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २१३ मीटर. बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर. नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर. म्हणजे उलव्यात एका विमानाला मिळते तेवढ्या लांबीत सतरा विक्रांती एकामागे एक लावता येतील.

उतरण्याचा हिशेब करून बघू. आकडे सोयीसाठी गोल धरतो. विमान ताशी २०० किलोमीटरने येतंय आणि त्याला ६० मीटरांत थांबायचंय. सेकंदाला साडेपंचावन्न मीटर हा वेग जेमतेम दोन सेकंदांत शून्यावर आणायचा. ७० किलोच्या वैमानिकाला खांद्यावरचे पट्टे त्या वेळी जवळपास १८० किलोच्या जोराने मागे खेचून धरतात. चाकांच्या ब्रेकचं हे कामच नव्हे. म्हणून डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात, विमानाचा आकडा त्यातल्या एकीत अडकतो, आणि तारेची दोन्ही टोकं खालच्या यंत्रात द्रव दाबत दाबत सैल सुटतात. विमानाची सगळी ऊर्जा त्या द्रवाच्या उष्णतेत जाते.

गंमत म्हणजे डेकला चाकं टेकताच जेटचा वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, वाढवतो! आकडा चुकला तर पुन्हा उडायचं असतं. त्यासाठीच उतरायची पट्टी बोटीला तिरकी आखलेली असते, समोर दुसरी विमानं उभी नसतात.

उडताना बोट स्वतः मदत करते. ती वाऱ्याकडे तोंड करून जोरात निघते. बोटीचा वेग आणि समोरचा वारा, दोन्ही विमानाला फुकट मिळतात. पंखांना हवेचा वेग कळतो, डेकचा नाही. उरलेलं काम वाफेवर चालणारी गोफण करते. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते, पूर्ण वेग गाठता येत नव्हता. बॉयलरचा तडा म्हणजे थेट पंखांखालचा वारा कमी. त्याही अवस्थेत ४ डिसेंबरला सी हॉक तिच्यावरून उडाली आणि कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले करून आली.

पुढे सी हॅरियर आलं. त्याच्या इंजिनाला चार फिरती तोंडं: पुढच्या दोघांतून थंड हवा, मागच्या दोघांतून तापलेला वायू. तोंडं खाली वळवली की विमान अधांतरी उभं राहतं. पण तेव्हा पंखांवरून वारा वाहत नाही, मग सुकाणू कशाचं? त्यासाठी नाकाशी, शेपटाशी आणि पंखांच्या टोकांना बारीक झडपा आहेत, इंजिनातून आणलेली दाबाची हवा त्यातून फुसफुसते. माहीत नसेल तर नजरेतून सुटतात.

मग हे विमान रोज सरळ वरच का उडत नसे? इंजिनाचा जोर साधारण ९.७ टन, इंधन आणि शस्त्रं भरलेलं विमान जवळपास १२ टनांपर्यंत. भरल्या पोटी सरळ वर जाणं नाही. त्यात आपली दमट, गरम हवा विरळ, तिच्यात जोर आणखी घटतो. परतताना इंधन संपलेलं, वजन उतरलेलं, म्हणून तेव्हा सरळ खाली येता येतं.

जाताना उपाय म्हणजे डेकच्या टोकाला चढ. विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू बोटीवर तो १२ अंशांचा होता. तलावपाळीच्या कट्ट्यावरून खडा आडवा फेका आणि तेवढ्याच जोरात किंचित वर फेका. दुसरा पाण्याला उशिरा लागतो. विमानाला तोच उशीर हवा असतो. हवेत ते सेकंद मिळतात, तेवढ्यात वेग वाढतो आणि पंख भार उचलू लागतात.

विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा मी तिच्या डेकवर चाललोय, तेव्हा ती प्रचंड वाटली होती. २०१४ मध्ये ती तोडली आणि तिचं थोडं पोलाद पुढे बजाजच्या मोटरसायकलींत गेलं.

परतीच्या गाडीतून ठाण्याला उतरलो तेव्हा पलीकडे बारा डब्यांची लोकल उभी होती. भाचीने बॅग माझ्याकडे दिली, पहिल्या डब्यापासून मोजत पुढे गेली आणि दहावा डबा संपला तिथे थांबून ओरडली, "मामा, इथून समुद्र!"