खाऊन बघा, लिहून ठेवा: मराठीच्या वाटेने कोरियन

'मॉगॉ बोसेयो.' सोलच्या बाजारात विक्रेती खाण्याचा एखादा तुकडा पुढे करत हे वाक्य म्हणते. 'मॉगॉ' म्हणजे 'खाऊन' आणि 'बोसेयो' म्हणजे 'बघा'. 'पोदा' हे क्रियापद खरोखरच डोळ्यांनी बघण्याचं आहे. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत या रचनेला स्वतंत्र धडा असतो आणि 'प्रयत्न करणे' असा अर्थ पाठ करायला लावतात. मराठी माणसाला पाठ काय करायचंय? तो रोज 'खाऊन बघा', 'विचारून बघतो' म्हणतच असतो.

आधी लेखनाबद्दल थोडं. या लेखात 'ऑ' म्हणजे तोंड जरा उघडं ठेवून काढलेला, 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला स्वर. ऱ्हस्व 'उ' म्हणजे ओठांचा चंबू न करता, ते दोन्ही बाजूंना ताणून म्हटलेला 'उ'. हा स्वर मराठीत नाही. 'फ' नेहमी 'फळ'मधला. शब्दाच्या सुरुवातीचा साधा 'प', 'त', 'क', 'च' दोन स्वरांच्या मध्ये आला की 'ब', 'द', 'ग', 'ज' असा ऐकू येतो. म्हणून कोशात 'पोदा' असतं आणि वाक्यात 'मॉगॉ बोसेयो'.

आता जोडक्रियापदांची ही साखळी पुढे ओढू. 'स्सॉ दूसेयो' म्हणजे 'लिहून ठेवा'. 'तूदा' म्हणजे ठेवणे. 'मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो' म्हणजे 'खाऊन टाकलं'. 'पॉरिदा' म्हणजे टाकून देणे. 'साजिन च्चिगॉ जूसेयो' म्हणजे 'फोटो काढून द्या'. 'चूदा' म्हणजे देणे. ठेवणे, टाकणे, देणे, बघणे ही चारही साधी क्रियापदं दोन्ही भाषांत मुख्य क्रियापदामागे उभी राहून जवळपास तेच काम करतात.

जवळपास म्हणायचं कारण असं. मराठीत 'टाकणे' सहसा सकर्मक क्रियापदामागे येतं. आपण 'संपवून टाकलं' म्हणतो, पण 'जाऊन टाकला' म्हणत नाही, 'निघून गेला' म्हणतो. कोरियनमध्ये मात्र 'का बॉर्यॉस्सॉयो' बिनधास्त चालतं आणि त्यात 'गेला एकदाचा' किंवा 'गेला हो, काय करणार' अशी छटा असते. दुसरा फरक 'चूदा'चा. 'दार उघडा' ही मराठीत साधी विनंती होऊ शकते. कोरियनमध्ये स्वतःसाठी काही मागताना 'मून यॉरॉ जूसेयो', म्हणजे शब्दशः 'दार उघडून द्या', असंच म्हणायचं. 'जूसेयो' गाळलं तर विनंतीची सूचना होते. कोरियन शिकणाऱ्या मराठी माणसांच्या बोलण्यात हा शब्द सर्रास गळतो.

एवढं साम्य पाहून दोन्ही भाषा नात्यातल्या असाव्यात असं वाटू शकतं. अमेरिकन मिशनरी होमर हल्बर्ट यांनी 1905 साली कोरियनची तुलना द्राविडी भाषांशी केली होती, पण ते नातं भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेलं नाही. मराठी तर इंडो-युरोपीय कुळातली. साम्य रक्ताचं नाही, बांध्याचं आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषांत सहसा प्रत्यय नामामागे लागतात, विशेषण-वाक्यं नामाआधी येतात आणि 'करून, जाऊन, बसून' अशी कृदन्तं ओळीने लावता येतात. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी 1976 साली अशी लक्षणं नकाशावर मांडली, तेव्हा त्यांचा पट्टा भारतापाशी थांबला नाही. मध्य आशियातून तो कोरिया-जपानपर्यंत पोचला.

या बांध्याचा सगळ्यात मोठा फायदा आवडीनिवडीच्या वाक्यांत मिळतो. 'मला कॉफी आवडते' या वाक्यात व्याकरणाने कर्ता कोण? कॉफी. कोरियनमध्येही 'चॉनुन खॉफिगा जोआयो' म्हणताना कर्त्याचा 'गा' कॉफीलाच लागतो. इंग्रजीतून विचार करणारा मात्र कॉफीला कर्म समजून 'खॉफिरुल जोआयो' म्हणतो, आणि ते चूक. कर्माचा 'रुल' हवा असेल तर क्रियापद बदलून 'जोआहेयो' करावं लागतं. 'वेळ आहे' म्हणजे 'शिगानि इस्सॉयो', 'वेळ नाही' म्हणजे 'शिगानि ऑप्सॉयो'. नसण्यासाठी स्वतंत्र क्रियापद, आपल्या 'नाही'सारखं. 'मी विद्यार्थी नव्हे' यातल्या 'नव्हे'लाही वेगळा शब्द आहे: 'हाक्सेंगि आनिएयो'. बोली मराठीत 'नाही' आणि 'नव्हे' आता एकमेकांत मिसळलेत; कोरियनने ते कटाक्षाने वेगळे ठेवलेत.

विशेषणांचंही तसंच. 'खाल्लेला भात' म्हणजे 'मॉगुन पाप', 'खायचा भात' म्हणजे 'मॉगुल प्पाप' आणि 'खात असलेला भात' म्हणजे 'मॉंगनुन पाप'. (होय, भाताला आणि एकूण जेवणालाच 'पाप' म्हणतात, शेवटच्या 'प'ला ओठ मिटायचे आणि उघडायचे नाहीत.) तिसऱ्या रूपातला अनुस्वार कुठून आला? मूळ धातू 'मॉक', प्रत्यय 'नुन'. अनुनासिकाआधीचा 'क' स्वतःच अनुनासिक झाला. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ, शाळेत शिकलेला तोच संधी. 'पाप मॉगॉस्सॉयो?' म्हणजे 'जेवलात का?' हे प्रत्यक्षात 'पाम मॉगॉस्सॉयो?' असं ऐकू येतं. 'हाप' आणि 'निदा' मिळून 'हाम्निदा' होतं. लिहिलेलं एक आणि ऐकू येणारं दुसरं अशी तक्रार करण्याआधी हा एक नियम पक्का केला, तर निम्मा गोंधळ मिटतो.

उच्चारात खरी अडचण 'ताल', 'त्ताल' आणि 'थाल' यांची: चंद्र, लेक आणि मुखवटा. रोमन लिपीत पहिल्याला 'डी' असतो म्हणून आपण 'दाल' म्हणतो. तिथेच फसतं, कारण शब्दाच्या सुरुवातीला कोरियन 'त' घोष नसतो. आपला नेहमीचा कोरडा 'त' दुसऱ्या शब्दाच्या, लेकीच्या, जवळ जातो. चंद्रासाठी 'त'मध्ये थोडा श्वास सोडायचा आणि स्वर खालच्या पट्टीत ठेवायचा. मुखवट्यासाठी 'थ' आणि वरची पट्टी.

प्रत्ययांत मराठी दगा देते ती 'घरी' या शब्दापाशी. 'घरी आहे' म्हणजे 'चिबे इस्सॉयो', पण 'घरी काम करतो' म्हणजे 'चिबेसॉ इरेयो'. नुसतं असणं किंवा तिकडे जाणं असेल तर 'ए', तिथे काही घडत असेल तर 'एसॉ'. शिवाय हाच 'एसॉ' 'घरून'साठीही येतो: 'चिबेसॉ वास्सॉयो', म्हणजे 'घरून आलो'. नामाला लागणाऱ्या 'नुन' आणि 'गा' यांचा घोळ यापेक्षा जुनाट. कामचलाऊ कसोटी अशी: वाक्यात 'म्हणाल तर' बसत असेल तिथे 'उन' किंवा 'नुन' लावा, 'कोण?' याचं उत्तर असेल तिथे 'इ' किंवा 'गा'. 'कोण आलं?' या प्रश्नाला 'तोंगसेंगि वास्सॉयो', धाकटं भावंड आलं. इथे 'उन' लावलात तर 'धाकटं तर आलं, बाकीच्यांचं माहीत नाही' असा सूर निघतो.

जातो, जाते, जातात, जाता या सगळ्यांना मिळून एकच 'कायो'. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. मात्र वाचलेले कष्ट आदर वसूल करतो. समोरच्याला 'ऑदी गासेयो?' (कुठे निघालात?) विचारतात, त्यातला 'से' आदराचा. उत्तरात ऐकलेलंच रूप परत करून 'चिबे गासेयो' म्हणणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. त्यात स्वतःलाच 'अहो-जाहो' होतं. आपल्यासाठी 'चिबे गायो'. कोशात 'तुम्ही'समोर 'तांगसिन' दिसतं, तेही अनोळखी माणसाला वापरू नये. ते नवरा-बायकोत चालतं, नाहीतर भांडणात. सर्वनाम टाळून हुद्दा घ्यायचा: 'सॉनसेंगनिम, ऑदी गासेयो?' म्हणजे 'सर, कुठे निघालात?' 'आपलं' म्हणायची हौस मात्र दोन्हीकडे सारखी. 'ऊरी ऑम्मा' म्हणजे 'आमची आई'. बायका 'ऊरी नाम्प्यॉन' म्हणतात, शब्दशः 'आमचा नवरा'. 'आमचे हे' म्हणणाऱ्या मराठी घरात याचं नवल वाटू नये.

आकड्यांचे दोन संच आहेत, एक देशी आणि एक चिनी मुळाचा, आणि घड्याळात दोन्ही एकत्र येतात. तास देशी, मिनिटं चिनी: साडेतीन म्हणजे 'से सी सामसिप्पून'. पैसे मोजताना फक्त चिनी, आणि गठ्ठे हजाराचे नाहीत, दहा हजाराचे. त्या गठ्ठ्याला 'मान' म्हणतात. लाखात विचार करणाऱ्याने दहाने गुणावं. 3,50,000 वॉन म्हणजे साडेतीन लाख, म्हणजे 35 मान, 'सामसिबो मान'. 1 कोटी म्हणजे 1,000 मान आणि 10 कोटींना 'ऑक'. हजारातून हिशेब करू गेलं की शून्यं निसटतात.

शब्दसंग्रहात चिनी मुळाचे शब्द आपल्या तत्समांसारखे वागतात. पाणी 'मूल', पण जोडशब्दात 'सू': 'सेंगसू' म्हणजे बाटलीतलं पिण्याचं पाणी, 'सूयॉंगजांग' म्हणजे तरणतलाव. आपण 'पाणी' पितो पण 'जलतरण' करतो, तसंच. 'हाक' म्हणजे शिकणं वा शास्त्र, त्यावरून 'हाक्क्यो' शाळा, 'सूहाक' गणित, 'क्वाहाक' विज्ञान, 'उइहाक' वैद्यक. असे दोन-तीन डझन घटक ओळखीचे झाले की नवा शब्द बहुतेक वेळा अर्धा उकललेला असतो.

इंग्रजी शब्द मात्र जपून ओळखावेत. 'नोथुबूक' म्हणजे वही नव्हे, लॅपटॉप. 'मिथिंग' हा ऑफिसातला असू शकतो, पण विद्यार्थ्यांच्या तोंडी तो मुला-मुलींच्या गटांनी ओळख करून घेण्याचा कार्यक्रम असतो. आणि खानावळीत मालकीण न मागवलेली बशी समोर ठेवून 'सॉबिसुयेयो' म्हणाली, तर बिलात सर्व्हिस चार्ज लागला म्हणून घाबरू नका: ती बशी फुकट आहे. 'चाल मॉक्केस्सुम्निदा' म्हणा, म्हणजे 'छान जेवतो', आणि सुरू करा.