निवासी मालमत्तेतील गुंतवणूक (सांगली)

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाड्यासाठी किंवा पुढे चढ्या भावाने विकण्यासाठी घर, फ्लॅट अथवा प्लॉट घेण्याचा व्यवहार. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. या टापूत असा व्यवहार कृष्णेचे पाणी आणि उताऱ्यावरच्या नोंदी पाहूनच करावा लागतो. इथे एखादी मालमत्ता स्वस्त मिळते ती बहुधा या दोहोंपैकी कशात तरी खोट असल्यामुळे. अशा मालमत्तेवर बँक सहसा कर्ज देत नाही, गिऱ्हाईक रोकडवाल्यांपुरते उरते आणि भाव आणखी उतरतो.

याचे ठळक उदाहरण गुंठेवारी. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावर बंधन होते. तरी शहरालगतच्या शेतांत रेखांकन मंजूर न करता एक-दोन गुंठ्यांचे (गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट) प्लॉट पडले. सांगलीतील शामरावनगर ही अशीच वस्ती. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीचे प्लॉट शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली गेली. जाणता गुंतवणूकदार असा प्लॉट घेतो, नियमित करून घेतो आणि कर्ज काढून घेणाऱ्याला विकतो. नफा खरे तर जमिनीत नसून कागद सुधारण्यात असतो. मात्र प्लॉट नियमित होण्याजोगा आहे का, हे इसार देण्याआधीच पाहावे लागते. ‘होऊन जाईल’ हे एजंटाचे उत्तर पुरेसे नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आणि निष्ठुर आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. 2005 आणि 2021 चे पूरही लोकांच्या ध्यानात आहेत. निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आत नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) मधल्या पट्ट्यात ते अटींवर होते. नकाशा तर पाहावाच, पण शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असेही विचारावे. तो भिंतीवरची खूणच दाखवतो.

चांगला सौदा बहुतेक वेळा भाऊबंदकीतून बाहेर पडतो. मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली, वाटणी अडलेली, घराला कुलूप. अशा वेळी सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील सर्व वारस, ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीच्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध) आणि वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस एवढे केल्याशिवाय साठेखत (विक्रीचा करार) करू नये. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीची सही राहिली, की व्यवहार कोर्टात जातो.

दुसरी वाट बँकेच्या लिलावाची. 2002 च्या सरफेसी कायद्याने थकीत कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देऊन बँक तारण मालमत्ता विकू शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. बोली लागली की 25 टक्के लगेच आणि उरलेले सर्वसाधारणपणे 15 दिवसांत भरावे लागतात, म्हणून कर्जाची बोलणी आधीच झालेली हवीत. मालमत्ता ‘जशी आहे, जिथे आहे’ तत्त्वावर मिळते. आत कोणी राहत असेल, तर ती डोकेदुखीही घेणाऱ्याचीच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे 40 लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त 32 लाख कर्ज. स्वतःचे 8 लाख आणि 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 2 लाख 40 हजार वेगळे. ही तफावत भिशी, सोनेतारण किंवा पतसंस्थेच्या कर्जातून भरायची पद्धत आहे, आणि तिथेच हप्त्यांचे गणित बिघडते.

भाडेकरू मिरजेत दवाखान्यांमुळे, तर विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांमुळे मिळतात. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार नोंदवणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे.