मोज्यातली चांदी धुतल्यावर जाते कुठे?

पायांना वास येऊ नये म्हणून मोज्यांत चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, घालतात हे जाहिरातवाले आवर्जून सांगतात, धुतल्यावर ती चांदी कुठं जाते ते मात्र कोणी सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेन आणि वेस्टरहॉफ या दोघांनी सहा प्रकारचे मोजे साध्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळून पाहिले, तर अर्धा लिटर पाण्यात ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी उतरली. हे पाणी मोरीतून गटारात आणि गटारातून एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पुढे ती चांदी किती आणि कुठे जाते याचा हिशोब मॉडेलने, म्हणजे गणिताच्या आराखड्याने करायचा.

एसटीपीच्या एरेशन टँकमध्ये हवा सोडून जिवाणू पोसतात, त्यांचे गुठळ्या-गुठळ्यांचे पुंजके होतात, तोच गाळ. नॅनोकण त्या पुंजक्याला आपटला की चिकटतो किंवा सुटतो. किती वेळा आपटेल ते गणिताने काढता येतं, पण आपटल्यावर चिकटेल का हे त्याच्यावरच्या कोटिंगवर आणि पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर ठरतं, आणि खरी डोकेदुखी हीच. विरघळलेल्या केमिकलसाठी पाण्यात इतकं आणि गाळात इतकं असा एक ठरलेला भागाकार वापरतात, तो इथं सरळ उचलून चालत नाही, कारण नॅनोकणांचा तसा समतोल होत नाही, इथं वेग मोजावा लागतो.

आता गंमत बघा. समजा पाणी टाकीत ८ तास थांबतं, पण गाळ पंपाने परत परत टाकीत फिरवतात म्हणून तो १० दिवस म्हणजे २४० तास राहतो. तासाला १०० कण आले, त्यातले ९० चिकटले आणि १० तसेच पाण्याबरोबर निघून गेले असं धरा. तर कुठल्याही क्षणी टाकीत चिकटलेले २१,६०० आणि सुटे फक्त ८०! म्हणजे टाकीतला नमुना काढून तपासला तर ९९.६ टक्के कण गाळात दिसणार आणि माणूस खूश होणार, पण इकडे दर दहातला एक कण नदीत चाललाय. नमुन्यातली टक्केवारी म्हणजे अडवल्याची टक्केवारी नव्हे, आणि मॉडेल लागतं ते यासाठीच. (गाळ खाली बसवायच्या शेवटच्या टाकीत तळाशी न बसता पाण्याबरोबर निसटणारे पुंजके मी इथं धरलेलेच नाहीत, ते धरले तर आकडा अजून थोडा बिघडतो.)

शिवाय चांदी चांदी राहत नाही. पैंजण काळे पडतात ना, तेच, गंधकाशी जमलं की सिल्व्हर सल्फाइड होतं आणि सांडपाण्यात गंधकाला काय तोटा! २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या एआवाग या संस्थेतल्या केगी आणि सहकाऱ्यांनी छोट्या प्रायोगिक प्लांटमध्ये नॅनो चांदी सोडून बघितली, तर बहुतेक चांदी गाळात गेली आणि तिचं सल्फाइड व्हायला दोन तासही लागले नाहीत. हे सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून जिवाणूंना त्याचा त्रास खूपच कमी. त्यामुळे नुसती चांदी किती एवढंच मोजणारं मॉडेल माझ्या मते अर्धवट, ती कुठल्या रूपात आहे तेही हवं.

आणि सुरुवातीचा आकडाच डळमळीत असतो. स्वित्झर्लंडसाठी म्यूलर आणि नोवाक यांनी २००८ मध्ये असा हिशोब मांडला तेव्हा नेमकं उत्पादन माहीत नसल्याने एक वास्तववादी आणि एक जास्तीचा असे दोन अंदाज धरावे लागले. त्यांच्या हिशोबात काळजीचा निघाला तो मोज्यातल्या चांदीपेक्षा सनस्क्रीनमधला टायटॅनियम डायऑक्साइड, पाण्यात लिटरला ०.७ ते १६ मायक्रोग्रॅम. पुढं एकेका आकड्याऐवजी शक्यतांची अख्खी रेंज घालून हजारो वेळा गणित चालवायची पद्धत आली, ती जास्त प्रामाणिक वाटते.

एवढं करून कण गाळात अडकले तरी नष्ट होत नाहीत, फक्त जागा बदलते. स्वित्झर्लंडने २००३ पासून टप्प्याटप्प्याने शेतात गाळ टाकणं बंद केलं, तिथं गाळ जाळतात, त्यामुळे कण पुढे कुठे जातात हे दाखवणारा मॉडेलचा बाण राखेकडे जातो. अमेरिकेत बराचसा गाळ जमिनीवर पसरतात, तिथं तोच बाण शेताच्या मातीत शिरतो आणि दरवर्षी थोडी थोडी भर पडत जाते.