एका फांदीपासून जास्वंदीची वई

घराच्या कडेला फुलांची दाट वई हवी असेल, तर रोपवाटिकेतून रोपांचा ढीग आणायची गरज नाही. आपली देशी लाल जास्वंद एकटी पुरते. आषाढात जुन्या, निरोगी झाडाची छाटणी करा आणि कापलेल्या फांद्या फेकू नका.

पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी हिरवी ना जून झालेली फांदी निवडायची. तीन-चार डोळ्यांचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे करायचे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका, वरचा सरळ. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे. शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं आणि ते खोडातून सतत खाली उतरत असतं. फांदी कापली की त्याची वाट तिथेच संपते. ते कापाशी साचतं आणि सालीखालच्या ज्या पेशी एरवी खोड जाड करत बसल्या असत्या, त्या मुळं घडवायला लागतात. खालची बाजू कोणती, हे फांदी विसरत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान फ्योख्टिंग यांनी वाळुंजाच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत उलटे टांगून पाहिले. तरीही मुळं फुटली ती मूळच्या खालच्या टोकालाच. त्यांचं हे काम १८७८ साली प्रसिद्ध झालं. ऑक्सिनचा शोध त्यानंतर कितीतरी वर्षांनी लागला.

बाजारात मिळणाऱ्या मुळं फुटण्याच्या पावडरीत बहुधा आयबीए (इंडोल ब्युटिरिक आम्ल) हे संजीवक असतं, ते ऑक्सिनच्याच कुळातलं. देशी जास्वंदीला त्याची गरज पडत नाही. मोठ्या फुलांच्या संकरित जाती मात्र मुळं धरायला कुरकुरतात; त्यांना चिमूटभर पावडर लावावी.

वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घेऊन तुकड्याचे निदान दोन डोळे आत जातील असं खोचायचं. वरची एक-दोन पानं ठेवायची, तीही अर्धी कापून. पानांतून पाणी उडतं आणि ते भरून काढायला अजून मुळं नाहीत, म्हणून सावली आणि दमट हवा हवी. पावसाळा याचसाठी सोयीचा. पाणी साचलं तर मात्र टोक काळं पडून कुजतं.

पंधरवड्यात वर हिरवे कोंब दिसतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ते कोंब खोडात साठवलेल्या अन्नावर फुटलेले असतात, खाली एकही मूळ नसू शकतं. अशा वेळी उपटून पाहिलं, तर कापाच्या कडेला फक्त पांढरट, खडबडीत गाठ दिसते. महिनाभर हात लावू नका. मग हलकेच ओढून पाहा. तुकडा अडला तर मुळं धरली आहेत.

रोपं जमिनीत अर्ध्या मीटरच्या अंतराने लावा आणि फूटभर वाढली की शेंडे खुडा. मन धजत नाही, पण हे टाळलं तर उंच, खालून उघडी झाडं मिळतील आणि आडोसा होणारच नाही. शेंड्यातून उतरणारं तेच ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की डोळे जागे होतात, एका फांदीच्या दोन-तीन होतात. पुढच्या छाटणीतही वई खाली रुंद, वर निमुळती ठेवा. नाहीतर वरच्या पानांच्या सावलीत खालची पानं झडतात.

जास्वंदीची फुलं नव्या फुटीवर येतात. दर महिन्याला कात्री चालवली तर हिरवी भिंत मिळेल, फुलं नाहीत. माझं मत विचाराल तर वई थोडी विस्कटलेली असू द्यावी.

एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली सगळी रोपं गुणसूत्रांनी एकसारखी असतात. पिठ्या ढेकणाला त्या झाडाची चटक लागली, तर अख्खी रांग त्याला सारखीच आवडते. म्हणून मधूनमधून तगर, मेंदी, कोरांटी लावावी. तीही फांदीने येतात. कण्हेरही सहज येते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि हृदयावर परिणाम करतो. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी ती नको. घाणेरी तर मुळीच नको. शोभेसाठी १९व्या शतकाच्या सुरुवातीला ती भारतात आणली गेली आणि आज सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंत तिने जंगलांची जमीन व्यापली आहे. पक्षी तिची फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात, त्यामुळे ती कुंपणात राहत नाही.