प्रिन्स्टनचा नकाशा आणि वॉशिंग्टनचे हेर

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा आपल्या शालेय पुस्तकांतला धडा बोस्टनच्या चहापासून सुरू होतो आणि यॉर्कटाउनच्या शरणागतीवर संपतो. १७७५ ते १७८३ ही मधली वर्षं दोन-चार ओळींत उरकली जातात. त्या वर्षांत जॉर्ज वॉशिंग्टनने जिंकलेल्या लढायांपेक्षा हरलेल्या लढाया जास्त आहेत. सैन्याला पगार वेळेवर नाही, पायात धड बूट नाहीत, समोर जगातलं सर्वांत बलाढ्य आरमार. तरीही सैन्य फुटलं नाही आणि शेवटी जिंकलं. फ्रान्सची मदत हे त्याचं एक कारण सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. दुसऱ्या कारणाबद्दल मात्र कमी बोललं जातं: शत्रूच्या गोटातून येणारी बातमी, आणि ती हातात पडल्यावर खरी मानायची की खोटी, हे ठरवण्याची सेनापतीची कुवत. वॉशिंग्टनकडे ही कुवत उपजत नव्हती. ती शिकताना त्याच्या माणसांना फार मोठी किंमत मोजावी लागली.

त्याची पहिली तालीम युद्धाच्या बावीस वर्षं आधी झाली. १७५३ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने एकवीस वर्षांच्या वॉशिंग्टनला ओहायो खोऱ्यातल्या फ्रेंचांकडे निरोप घेऊन धाडलं. वरकरणी तो दूत होता, पण वाटेतल्या फ्रेंच गढीची मापं आणि नदीकाठच्या होड्यांची संख्या त्याने टिपून घेतली. एका ठाण्यावर फ्रेंच अधिकाऱ्यांनी जेवणाबरोबर भरपूर दारू घेतली आणि ओहायो आम्ही घेणारच, असं बोलून गेले. तेही त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. दोन वर्षांनी, ९ जुलै १७५५ रोजी, मोनोंगाहेला नदीजवळ जनरल ब्रॅडॉकचं ब्रिटिश सैन्य फ्रेंच आणि मूळ अमेरिकी योद्ध्यांच्या तावडीत सापडलं आणि त्याची वाताहत झाली. वॉशिंग्टन त्या वेळी ब्रॅडॉकच्या दिमतीला होता. पुढचं काही ठाऊक नसताना चालणाऱ्या फौजेचं काय होतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं.

१७७५ च्या जुलैत तो बोस्टनबाहेर बंडखोर वसाहतींचा सेनापती म्हणून रुजू झाला. त्याने पगार नाकारला होता, फक्त खर्चाचा हिशेब ठेवायचा असं ठरलं होतं. त्या हिशेबाच्या वहीत अगदी सुरुवातीलाच ३३३ डॉलर आणि वर एक तृतीयांश अशी नोंद आहे. बोस्टन शहरात शिरून गुप्त पत्रव्यवहार सुरू करणाऱ्या माणसाला दिलेली ती रक्कम. त्या माणसाचं नाव वहीत नाही.

एवढी जाण असूनही पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला तो सपशेल फसला. २७ ऑगस्ट १७७६ ला लाँग आयलंडवर लढाई झाली. बेटावरच्या टेकड्यांतून जाणाऱ्या चार खिंडींपैकी तिघींवर पहारे होते. चौथ्या, जमैका नावाच्या खिंडीत घोड्यांवरचे फक्त पाच अधिकारी होते. ब्रिटिशांनी रात्री वळसा घातला, त्या पाचांना गोळी न झाडता पकडलं आणि अमेरिकन सैन्याच्या पिछाडीवर येऊन उभे राहिले. मार्बलहेडच्या कोळ्यांनी २९ ऑगस्टच्या रात्री धुक्यात नऊ हजारांच्या आसपास माणसं नदीपार नेली, म्हणून सैन्य वाचलं. त्यानंतर घाईघाईने नेथन हेल नावाच्या तरुण कॅप्टनला शाळामास्तरच्या वेषात शत्रूच्या हद्दीत पाठवण्यात आलं. ना प्रशिक्षण, ना सांकेतिक लिपी, ना तिकडे कुणी आसरा देणारं. २२ सप्टेंबरला ब्रिटिशांनी त्याला फाशी दिली. वय एकवीस. अमेरिकेत हेलचे पुतळे आहेत. पण त्याला ज्या तऱ्हेने पाठवलं गेलं तो धडधडीत निष्काळजीपणा होता, हे पुतळ्यांपुढे उभं राहूनही म्हटलं पाहिजे.

डिसेंबरात चित्र पालटलं. २५ तारखेच्या रात्री २,४०० माणसं बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनला पोहोचली आणि सकाळी तिथल्या भाडोत्री जर्मन पलटणींपैकी सुमारे नऊशे जणांना त्यांनी कैद केलं. ट्रेंटनचं नाव सर्वतोमुखी आहे. मला मात्र त्यानंतर आठवडाभराने घडलेलं प्रिन्स्टन जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रिन्स्टनमध्ये ब्रिटिशांचं ठाणं होतं. तिथून बाहेर पडलेल्या एका तरुणाने अमेरिकन सैन्यातल्या कर्नल कॅडवॉलेडरला पाहिलेलं सगळं सांगितलं आणि ३१ डिसेंबर १७७६ ला कॅडवॉलेडरने त्यावरून हाताने नकाशा काढून वॉशिंग्टनला पाठवला. तोफा कुठे रोखल्या आहेत, कोणत्या घरांभोवती बंदोबस्त आहे, हे त्यात होतं. त्याहून मोलाच्या दोन गोष्टी होत्या: गावाच्या मागून येणारी एक आडवाट, आणि पूर्वेच्या बाजूला पहारा नसल्याची बातमी. तरुणाचं नाव कॅडवॉलेडरने लिहिलं नाही, हुशार तरुण एवढंच म्हटलं.

२ जानेवारीला लॉर्ड कॉर्नवॉलिस मोठी फौज घेऊन ट्रेंटनवर आला. मध्ये एक ओढा, मागे डेलावेअर, वॉशिंग्टन पुरता कोंडीत. अंधार पडला तेव्हा कॉर्नवॉलिसने उरलेलं काम सकाळवर टाकलं. त्या रात्री थंडी कडाक्याची पडली आणि दिवसभर चिखलात रुतणारे रस्ते गोठून टणक झाले. अमेरिकन तळावर शेकोट्या पेटत्या ठेवायला चारएकशे माणसं मागे राहिली, कुदळीफावड्यांचा आवाज करत राहिली. तोफांच्या चाकांना चिंध्या गुंडाळून बाकीचं सैन्य नकाशातल्या त्या आडवाटेने निघून गेलं. पहाटे कॉर्नवॉलिससमोर रिकामा तळ होता, आणि बारा मैलांवर प्रिन्स्टनमध्ये लढाई पेटली होती. सुरुवातीला अमेरिकनांची बिनी मोडली, जनरल मर्सर संगिनींनी घायाळ होऊन कोसळला. तेव्हा वॉशिंग्टनने घोडा दोन्ही फळ्यांच्या मधोमध घातला, पळणाऱ्यांना परत वळवलं आणि ब्रिटिशांची रांग फुटेपर्यंत तिथून हलला नाही. नकाशा हाती पडल्यापासून तीन दिवसांत हे सगळं झालं.

मग हा माणूस सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रँडीवाईन नदीवर पुन्हा लाँग आयलंडसारखाच कसा फसला? बातमी नव्हती म्हणून नव्हे. ११ तारखेच्या सकाळी लेफ्टनंट कर्नल रॉसने कळवलं होतं की शत्रूची मोठी तुकडी तोफांसह वरच्या बाजूने निघाली आहे. वॉशिंग्टनने समोरच्या शत्रूवर चालून जायचा हुकूमही दिला. तेवढ्यात मेजर स्पिअरची उलटी बातमी आली: त्या रस्त्याने मी आलो, मला कुणी दिसलं नाही. वॉशिंग्टनने ती खरी धरली आणि हुकूम मागे घेतला. दुपारी ब्रिटिश सरसेनापती हाऊ आणि कॉर्नवॉलिस त्याच्या उजव्या बगलेवर होते. काही दिवसांतच राजधानी फिलाडेल्फिया गेली.

बातमीदारी एकाच्या तोंडच्या शब्दावर चालत नाही, एकाची दुसऱ्याकडून पडताळणी व्हावी लागते. त्यासाठी शत्रूच्या शहरात कायम राहणारी माणसं हवीत. १७७८ मध्ये घोडदळातला तरुण मेजर बेंजामिन टॉलमॅज याने अशी साखळी बांधली. लाँग आयलंडवरच्या त्याच्याच सेटॉकेट गावचा शेतकरी अब्राहम वुडहल ‘सॅम्युअल कल्पर’ या टोपणनावाने हेर झाला आणि पुढच्या वर्षी ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कचा व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड ‘धाकटा कल्पर’. टाउनसेंड लिहायचा, गुत्तेवाला ऑस्टिन रो ते कागद घोड्यावरून सेटॉकेटला आणायचा, तिथून वुडहलमार्फत ते कॅलेब ब्रूस्टरच्या हाती पडायचे, आणि तो ते होडीतून ब्रिटिश गस्तीच्या नाकावर टिच्चून खाडीपार कनेक्टिकटला पोहोचवायचा.

यातही ठेच लागलीच. २ जुलै १७७९ ला ब्रिटिश घोडेस्वारांनी टॉलमॅजच्या तळावर छापा घातला. त्याचा घोडा त्यांच्या हाती लागला, आणि खोगिरासोबत वॉशिंग्टनचं एक पत्रही. न्यूयॉर्कमधल्या एका हेराचं नाव त्यात उघडउघड लिहिलेलं होतं. तो माणूस पकडला गेला. चूक खुद्द सरसेनापतीची होती. त्याच महिन्यात टॉलमॅजने आकड्यांचा कोश तयार केला. त्यात ७६३ आकडे होते: ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२७ म्हणजे न्यूयॉर्क. डॉक्टर जेम्स जे याने बनवलेली अदृश्य शाईही होती. साध्या घरगुती पत्राच्या ओळींमध्ये किंवा पंचांगासारख्या पुस्तिकेच्या कोऱ्या पानांवर त्या शाईने लिहावं, असं वॉशिंग्टन सुचवायचा. टाउनसेंडने दुकान सोडू नये, धंदा चालू असला की संशयही येत नाही आणि चार लोकांत वावरही राहतो, हा सल्लाही त्याचाच. या टप्प्यावर तो प्रश्न विचारायला शिकला होता: पलटणी किती, जहाजं कोणती, दाणागोटा आणि जळण किती दिवसांचं.

१७८० च्या सप्टेंबरात अमेरिकन जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डची फितुरी उघड झाली. ब्रिटिश मेजर आंद्रेच्या पायमोज्यांत अर्नोल्डने दिलेले वेस्ट पॉइंट या अमेरिकन किल्ल्याचे कागद सापडले. आंद्रे फासावर गेला, अर्नोल्ड निसटला. फितुराकडून आपलं नाव फुटेल या भीतीने न्यूयॉर्कची साखळी काही काळ गप्प झाली, पण तिच्यातलं कुणी पकडलं गेलं नाही. टाउनसेंडने आपलं काम आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. हस्ताक्षर ताडून त्याची ओळख पटली ती विसाव्या शतकात.

१७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने हीच विद्या उलटी वापरून शत्रूला हूल दिली. फ्रेंच आरमार चेसापीकच्या उपसागरात येतंय हे १४ तारखेला कळल्यावर सैन्य दक्षिणेला निघालं, पण न्यू जर्सीत चॅटम इथे पाव भाजायच्या मोठ्या भट्ट्या बांधल्या गेल्या आणि सोबत होड्याही घेतल्या गेल्या, जेणेकरून न्यूयॉर्कमधल्या जनरल क्लिंटनला वाटावं की हल्ला इथेच होणार. खुद्द सैनिकांनाही खरं ठिकाण ठाऊक नव्हतं. क्लिंटनच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत उशीर झाला होता. १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनमध्ये कॉर्नवॉलिसच्या ७ हजारांहून अधिक सैन्याने शस्त्रं खाली ठेवली.

त्याच कॉर्नवॉलिसच्या छावणीत जेम्स नावाचा एक कृष्णवर्णीय गुलाम चाकरी करत होता आणि बातम्या फ्रेंच सेनानी लाफायेतला पोहोचवत होता. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, जेम्स गुलामच राहिला. मालकाच्या बदली सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा व्हर्जिनियाचा कायदा हेरांना लागू नव्हता. लाफायेतने १७८४ मध्ये त्याच्या कामगिरीचा दाखला लिहून दिला, तेव्हा कुठे १७८७ मध्ये विधिमंडळाने त्याला मोकळं केलं. त्याने पुढे लाफायेत हेच आडनाव लावलं.

कॉर्नवॉलिसची पुढची नेमणूक हिंदुस्थानात झाली. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल झाला आणि टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्याचे दोस्त होते. मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला, पण बैल मेले, धान्य संपलं आणि वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. परतीच्या वाटेवर मेलुकोटेजवळ घोडदळ दिसलं, तेव्हा इंग्रजांना वाटलं टिपूच आला. ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं सैन्य होतं. ते इतक्या जवळ आल्याची कॉर्नवॉलिसला गंधवार्ता नव्हती, कारण टिपूच्या स्वारांनी निरोप नेणारे सगळे जासूद वाटेतच अडवले होते. उपाशी इंग्रज फौजेने त्या दिवशी मराठ्यांच्या बाजारातून धान्य विकत घेतलं.