कणकेची रिंग

जुलैतला रविवार होता. कुकर गॅसवर चढवला आणि शिट्टीऐवजी झाकणाच्या कडेनं नुसती फुसफुस सुरू झाली. रिंग फाटली होती. परळला राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको: हिंदमाताला पाणी भरलेलं, भांड्यांच्या दुकानापर्यंत जायची सोय नाही आणि घरात जेवायला सात माणसं. मी म्हटलं, "आई, वरण राहू दे. पिठलं टाकते."

सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परातीत पोळ्यांची कणीक मळून ठेवलेली होती. तिच्यातला गोळा घेऊन त्यांनी तळव्यांमध्ये वळत त्याची लांब दोरी केली, जाड बुडाच्या पातेल्याच्या काठावर गोल बसवली, वर ताट दाबलं आणि ताटावर खलबत्त्यातला दगडी खल ठेवला. डाळीत त्याआधी चिमूटभर खायचा सोडा पडला होता. पाऊण तासानं ताट उचकटलं तेव्हा कणकेचं कडक बिस्कीट झालं होतं आणि डाळ बोटानं चेपण्याइतकी मऊ. बाकीचं काम डाळ घोटायच्या रवीनं केलं.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"सुचायचंय काय त्यात? वाफ बाहेर जात होती, ती अडवली."

जेवणं झाल्यावर मला राहवेना, म्हणून हिशेब मांडला. घरगुती कुकरमध्ये वातावरणाच्या दाबावर साधारण तेवढाच दाब आणखी चढतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. आमचा खल तीन किलोचा, पातेल्याचं तोंड वीस सेंटिमीटरचं. भागाकार केला तर या वजनानं दाब वाढतो जेमतेम एक टक्का आणि उकळबिंदू चढतो पाव अंश. म्हणजे 'खल ठेवला की कुकरसारखं होतं' हा आमच्या घरातला लाडका समज साफ खोटा. मग डाळ शिजली कशानं? वाफ आत कोंडली गेल्यानं पाणी आटलं नाही, वरपासून खालपर्यंत उष्णता सारखी राहिली. आणि सोड्यानं पाणी अल्कधर्मी केलं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन अशा पाण्यात लवकर सुटतं. (सोड्यानं डाळीतलं थायमिन हे जीवनसत्त्वही नष्ट होतं, म्हणून हा रोजचा उपाय नव्हे.)

पण मला जास्त छळत होता तो दुसराच प्रश्न. कणीक माझ्याही समोर होती. मला तिच्यात फक्त पोळ्या दिसल्या. असं का?

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं या प्रश्नावरचं काम त्याच्या मृत्यूनंतर, १९४५ मध्ये, इंग्रजीत आलं. त्याच्या प्रयोगातल्या माणसांना लहान मेणबत्त्या, टाचण्या आणि काडेपेटीच्या आकाराचे खोके दिले होते. काम एवढंच की मेणबत्त्या दारावर उभ्या करायच्या. उत्तर सोपं आहे: खोका टाचणीनं दाराला ठोकायचा, त्यावर मेणबत्ती ठेवायची. खोके रिकामे दिले तेव्हा लोकांना ते पटकन सुचलं. तेच खोके टाचण्या वगैरे भरून दिले तेव्हा बरेच जण अडले. टाचण्यांनी भरलेला खोका म्हणजे 'टाचण्या ठेवायची वस्तू', ती फळी कशी होईल? वस्तूचं नेहमीचं काम तिला असं चिकटतं की दुसरं दिसतच नाही. मानसशास्त्रात याला 'फंक्शनल फिक्स्डनेस' म्हणतात. माझ्या परातीतली कणीक म्हणजे तो भरलेला खोका होता.

पाच वर्षांच्या मुलांना हा आजार नसतो. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफेटर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा-सात वर्षांची मुलं अशीच अडली. पाच वर्षांच्यांना मात्र खोका भरलेला आहे की रिकामा, यानं काही फरक पडला नाही. आमच्या भाचीकडे बघून मला यात नवल वाटलं नाही. तिच्यासाठी लाटणं हे माइक, गदा, बाळ आणि एकदा तर थर्मामीटरसुद्धा होतं. 'वस्तू अमुक कामासाठीच बनवलेली असते' ही समज एकदा आली की शहाणपणाबरोबर अडाणीपणाही येतो.

मोठ्यांना यातून सुटता येतं का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात टोनी मॅकॅफ्री यानं २०१२ मध्ये एक साधी युक्ती तपासली. वस्तूचे भाग सुटे करायचे आणि प्रत्येक भागाला, त्याचा उपयोग न सांगणारं नाव द्यायचं. त्याचं एक कोडं होतं दोन जड पोलादी कड्या एकमेकींना बांधायचं. हाताशी फक्त मेणबत्ती, काडी आणि पोलादाचा एक ठोकळा. मेण वितळवून चिकटवलं तर टिकत नाही. 'वात' म्हटलं की ती जळण्यासाठी. 'सुताचा लांब पीळ' म्हटलं की ती दोरी झाली आणि कड्या बांधल्या गेल्या. ही पद्धत शिकवलेल्यांनी न शिकवलेल्यांपेक्षा ६७ टक्के जास्त कोडी सोडवली.

इथे मला थोडा मराठी माज दाखवू द्या. ज्या घरात संध्याकाळी मांडीवर कापूस घेऊन वाती वळल्या जातात, तिथे वात म्हणजे कापूस हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि आपल्याकडे वस्तूंची नावं एका कामाला धरून बसतच नाहीत. लुगडं विरलं की त्याची गोधडी, बाळाचं दुपटं, पुढे पायपुसणं, शेवटी पोतेरं. कापड तेच, चार जन्म. डालड्याच्या पिवळ्या डब्यात तुळस लावणाऱ्या चाळीतल्या बायकांना कुणी 'सर्जनशील' म्हटलं असतं तर त्या लाजून आत गेल्या असत्या. वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पलंगाखाली कोठार आणि पलंगावर अभ्यासिका हे ठरवून केलेलं डिझाइन नव्हतं, दुसरा इलाज नव्हता. अभावानं डोकं चालतं, हे रवी मेहता आणि मेंग झू यांनी प्रयोगांतही दाखवलंय. टंचाईचा विचार करायला लावलेली माणसं हाताशी असलेल्या वस्तूचे नवे उपयोग जास्त शोधतात. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी हा निष्कर्ष वापरणाऱ्यांचा मला राग येतो, पण निष्कर्ष म्हणून तो खोटा नाही.

आता 'नाव विसरा की सुचेल' एवढंच असतं तर भाचीनंच कणकेची रिंग केली असती. तिला ते जमलं नसतं. का, ते मला रोज सकाळी लोकलमध्ये ऐकू येतं.

लेडीज डब्याच्या जाळीपलीकडे जनरल डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ दोनच जोड्या, पखवाज नाही. एक काका डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरतात, आठ मात्रांचा भजनी ठेका. पत्र्याच्या मधोमध थाप मारली की खर्जातला 'धा' निघतो आणि खिडकीच्या चौकटीजवळ मारली की टणक 'ना'. चौकटीजवळ पत्रा ताठ धरलेला, त्यामुळे तिथून बारीक, चढा आवाज निघतो. मध्ये तो सैल हलतो, म्हणून जाड. कुर्ल्याला गर्दीचा लोंढा आत घुसला की काकांचा हात अडतो, मग ते दोन मात्रा सोडून देतात, तिसरीला खांबावर अंगठी वाजवतात आणि समेवर बिनचूक येतात. संगीतात याला 'उपज' म्हणतात. आयत्या वेळी उगवलेलं. पण उगवण्यासाठी खाली काहीतरी पेरलेलं असावं लागतं.

चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी २००८ मध्ये सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून, मांडीवर लोखंड नसलेला छोटा की-बोर्ड देऊन वाजवायला लावलं. पाठ केलेली धून वाजवताना आणि मनानं वाजवताना मेंदूत काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. मनानं वाजवताना कपाळामागचा बाजूचा भाग, जो आपल्या वागण्यावर हेडमास्तरसारखी नजर ठेवतो, तो शांत झाला. मधला, स्वतःबद्दलच्या विचारांशी जोडलेला भाग जागा झाला. माणसं सहाच, त्यामुळे यावरून फार मोठे इमले बांधू नयेत. २०१८ मध्ये रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी १६३ जणांना वस्तूंचे नवे उपयोग सुचवायला सांगून त्यांचे मेंदू तपासले. तिथे चित्र वेगळं दिसलं. ज्यांना जास्त चांगलं सुचत होतं, त्यांच्या मेंदूत कल्पना भटकू देणारं जाळं आणि लगाम धरणारं जाळं एकमेकांशी जास्त जोडलेली होती. एरवी ही दोन्ही सहसा एकदम चालत नाहीत. म्हणजे हेडमास्तर नेहमीच रजेवर जातो असं नाही, कधी तो मुलांबरोबर खेळायला उतरतो.

आयत्या वेळी सुचणं आणि आधीचं ज्ञान, या दोघांच्या जोडीचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण १९७१ चं आहे. बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत दाटलेले, कॉलरा पसरलेला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पिशव्या भरून घेतल्या, ते मिश्रण पिण्याच्या पाण्यात ढवळून पिंपांत ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. ही वेळ मारून नेणं होतंच, पण आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आणि त्यामागून पाणी शोषलं जातं हे शास्त्र १९६० च्या दशकात कळलेलं होतं, म्हणून ती वेळ मारून नेता आली.

उलट उदाहरण आमच्याच मजल्यावरचं. सारखा फ्यूज उडतो म्हणून एका बिऱ्हाडानं किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून घातली. फ्यूज उडायचा थांबला आणि महिन्याभरात भिंतीतली वायर जळली. तारेचं काम वीज वाहून नेणं, एवढंच त्यांना दिसलं. फ्यूजच्या तारेचं काम वेळेवर वितळणं असतं. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचंही तेच, म्हणून तिथे कणीक, खिळा, साबण यांतलं काहीच चालत नाही.

नुसतं बसून सुचत नसेल तर चालून बघा. स्टॅनफर्डमधल्या २०१४ च्या अभ्यासात चालताना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या, कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. म्हणजे मरीन ड्राइव्हच लागतो असं नाही, गॅलरीतल्या येरझाऱ्याही पुरतात. मात्र एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यात चालणारे किंचित मागे पडले. हिशेब बसूनच करावा.

सोमवारी पाणी ओसरलं आणि मी नवी रिंग आणली. फाटकी केराच्या टोपलीत टाकली होती. संध्याकाळी पाहते तर टोपलीत नाही. तुटलेली टोकं सुतळीनं बांधून ती ओट्याच्या कोपऱ्यात गेली होती, आणि तिच्यावर आमचा गोल बुडाचा माठ, जो गेलं वर्षभर डुगडुगत होता, न हलता बसला होता.

"आई, ही रिंग?"

"रिंग कसली, चुंबळ आहे ती," सासूबाई म्हणाल्या.